शिबिराला जाण्याआधी आणि परतल्यावर

वाचकांचे प्रश्न : ध्यान-साधना

घरी नेमाने ध्यान करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी एकाच विषयावर आली आहेत : दहा दिवसांचे विपश्यना शिबिर, म्हणजे मौन पाळून श्वास आणि शरीरावरच्या संवेदना पाहण्याच्या ध्यानपद्धतीचे शिबिर. ब्रह्मदेशातील विपश्यना-आचार्य सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी पहिले शिबिर मुंबईत घेतले. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रावर १९७६ पासून शिबिरे होत आहेत. आज महाराष्ट्रात गोराई, खडवली, मरकळ, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशी अनेक केंद्रे आहेत आणि सगळीकडे दिनक्रम एकच आहे. त्यामुळे पुढची उत्तरे कोणत्याही केंद्राला लागू पडतील.

गेली तीन वर्षे रोज सकाळी पंचवीस मिनिटे श्वासावर ध्यान करतो. सुरुवातीला छान शांत वाटायचे. आता दहा मिनिटांनी मन भटकते आणि उरलेला वेळ घड्याळाकडे लक्ष ठेवण्यात जातो. शिबिराने खरेच फरक पडतो का? – एक वाचक, सातारा

पडतो. मात्र कशामुळे पडतो ते आधी समजून घ्या, म्हणजे नको त्या अपेक्षा घेऊन जाणार नाही.

शिबिरात पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते साडेसहा, आठ ते अकरा, एक ते पाच, सहा ते सात आणि रात्री प्रवचनानंतर सव्वाआठ ते नऊ अशा बैठका असतात. बेरीज केली तर दिवसाला पावणेअकरा तास होतात. शेवटचा दिवस थोडा सैल असतो. तो धरूनही दहा दिवसांत शंभर तासांच्या आसपास बसणे होते. तुमच्या पंचवीस मिनिटांच्या हिशेबाने ही आठ महिन्यांची बैठक झाली.

तरीही खरा फरक या बेरजेत नाही. तुमच्या पंचवीस मिनिटांतली पहिली दहा-पंधरा मिनिटे मनावरचा दिवसभराचा गाळ खाली बसण्यात जातात. तो जरा बसतो तोच उठायची वेळ होते. विरजण लावलेले भांडे दर थोड्या वेळाने हलवले तर दही लागत नाही, तसे हे रोज चालले आहे. शिबिरात भांडे हलत नाही. आर्यमौन त्यासाठीच असते. बोलणे बंद, खाणाखुणा बंद, एकमेकांशी नजरानजरही नको. जेवताना शेजारच्याशी झालेल्या दोन वाक्यांचे पडसाद एकच्या बैठकीत अर्धा तास उमटत राहतात, हे ज्यांनी मौन मोडले त्यांना कळलेले असते. वाचन, लेखन, मोबाइल हे सगळे याच कारणासाठी बाहेर ठेवतात. आचार्यांशी साधनेबद्दल आणि व्यवस्थापकांशी गरजेपुरते बोलता येते.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान असते. श्वास मुद्दाम न घेता, आपोआप येणारा-जाणारा श्वास नाकाच्या दारापाशी जाणायचा. हळूहळू लक्ष देण्याची जागा लहान करत नेतात, शेवटी नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर एवढीच उरते. जागा लहान झाली की मन सूक्ष्म व्हावेच लागते. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात आणि मग डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना समतेने पाहण्याचे काम सुरू होते.

तुमची सध्याची अडचण, म्हणजे दहा मिनिटांनी येणारा कंटाळा, शिबिरात जाणार नाही. उलट तिथे तो तासन्‌तास समोर बसेल. पण पळून जायला दुसरे काहीच नसल्यामुळे तो पहिल्यांदा नीट पाहता येईल, आणि बैठक खोल जाते ती तिथून.

पुढच्या महिन्यात माझे पहिले शिबिर आहे. तयारी काय करावी? – एक वाचक, ठाणे

रजेपासून सुरुवात करा, कारण इथेच घोळ होतो. शिबिर ‘दहा दिवसांचे’ असले तरी आदल्या दिवशी दुपारी पोचायचे असते आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते. रजा बारा दिवसांची हवी. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी या शिबिराकरिता रजेची तरतूद आहे, आस्थापना शाखेत विचारून घ्या. मध्येच निघून जाता येणार नाही असे कबूल करूनच प्रवेश मिळतो. तेव्हा त्या दिवसांत परीक्षा, लग्न, घराचा व्यवहार असे काही लोंबकळत ठेवू नका.

मग झोप. दिवे साडेनऊला बंद होतात आणि घंटा चारला, म्हणजे साडेसहा तास. तुम्ही रोज साडेसहाला उठत असाल तर आजपासून दर दोन दिवसांनी पाव तास लवकर उठा. सोळा दिवसांत साडेचार गाठाल. झोपायची वेळही तशीच मागे आणा, नाहीतर नुसते जागरण होईल.

चहा दिवसातून चार-पाच कप होत असेल तर दोनवर आणा आणि ते हळूहळू करा. एकदम तोडल्यास पहिल्या दोन दिवसांत डोके ठणकते आणि लोक त्याचे खापर ध्यानावर फोडतात. चहा सकाळी आणि संध्याकाळी पाचला मिळतो. तंबाखू, मिश्री, सिगारेट मात्र पूर्ण बंद. सवय असेल तर निदान तीन आठवडे आधी सोडायला घ्या. खिशात पुडी लपवून नेणाऱ्याचे अर्धे लक्ष दहा दिवस त्या पुडीवर असते.

बैठकीचा सराव आनापानाचाच करा : सध्याच्या वेळेत दर आठवड्याला दहा मिनिटे वाढवा आणि संध्याकाळची एक बैठक जोडा. पुढचा भाग कुठे वाचून किंवा ऐकून आधीच करू लागू नका. ऐकीव विपश्यना घेऊन गेलेला साधक चौथ्या दिवशी सूचना ऐकण्याऐवजी त्या आपल्या कल्पनेशी ताडून पाहत बसतो.

जेवण साधे, शाकाहारी. सकाळी नाश्ता, अकराला जेवण, आणि नव्या साधकांना संध्याकाळी चहाबरोबर फळ किंवा चुरमुरे. जुने साधक, म्हणजे आधी शिबिर पूर्ण केलेले, बारानंतर खात नाहीत. रात्री जेवायची सवय असेल तर शेवटचा आठवडा रात्रीचे जेवण सातच्या आत आणि निम्मे घ्या. शिबिरात पोट साफ न होण्याची तक्रार खूप जणांना होते. कारण बसणे वाढते आणि पाणी कमी होते. दर विश्रांतीत पेलाभर पाणी आणि पंधरा मिनिटे चालणे, एवढ्याने बहुतेकांचे भागते. भूक आहे म्हणून अकराला पोट तुडुंब भरले तर एकची बैठक झोपेत जाणार हे नक्की समजा. पाऊण पोटावर थांबा.

सामानात सैल, अंग झाकणारे कपडे, शाल, विजेरी, साधे घड्याळ, सुवास नसलेला साबण, चपला आणि नेहमीची औषधे. इगतपुरीला जून ते सप्टेंबर धो धो पाऊस असतो, कपडे वाळत नाहीत. छत्री आणि दोन जोड जास्त न्या. हिवाळ्यात पहाटे हुडहुडी भरते, पायमोजे विसरू नका. घरच्यांना केंद्राचा दूरध्वनी देऊन ठेवा आणि निरोप फक्त खऱ्या अडचणीचाच द्या असे बजावा.

शुल्क नाही. निवास-जेवणाचा खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो. ज्याने एकही शिबिर पूर्ण केलेले नाही त्याच्याकडून दान घेतच नाहीत. शेवटी द्यावेसे वाटले तर ऐपतीप्रमाणे द्यावे.

माझे वय ५८. मांडी घालून अर्धा तास बसले की गुडघा दुखतो. तिथे तासभर हलायचे नाही म्हणतात. जमेल का? – एक वाचक, सांगली

तासभर न हलण्याची बैठक, जिला अधिष्ठान म्हणतात, ती चौथ्या दिवसानंतर सुरू होते आणि दिवसातून तीनदाच असते : आठला, अडीचला आणि सहाला. डोळे, हात, पाय उघडायचे नाहीत असा तो निश्चय. बाकी वेळी पाय बदलायला हरकत नाही. त्यातही हा निश्चय स्वतःशी असतो, मोडला तर शिक्षा नाही. पहिल्या दिवशी तीनदा हललात, तर पुढच्या वेळी दोनदा, असे चालते.

आसन आधी दुरुस्त करा. बहुतेकांचा गुडघा दुखतो तो बैठक फार खाली असल्यामुळे. कुल्ले गुडघ्यांपेक्षा वर हवेत. चार ते सहा इंच उंचीची घट्ट उशी किंवा घडी घातलेली चादर फक्त मागच्या भागाखाली घ्या, मांड्यांखाली नको. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली टॉवेलची गुंडाळी द्या. टांगता गुडघा स्नायूंनी पेलावा लागतो आणि विसाव्या मिनिटाला ओरडू लागतो. एक पाय दुसऱ्यावर चढवू नका, दोन्ही पोटऱ्या जमिनीवर पुढे-मागे ठेवा. हे घरी पंधरा दिवस करून पाहा आणि योग्य उंची सापडली की ती लक्षात ठेवा. केंद्रावर उशा मिळतात, पण पहिल्या दिवशी पाच उशांचा डोंगर रचणारे साधक चौथ्या दिवशी एका उशीवर येतात, असेच बहुधा होते.

दुखण्याचे दोन प्रकार ओळखा. जड, जळजळणारे, जागा बदलणारे, उठल्यावर चार-पाच मिनिटांत ओसरणारे दुखणे बसण्याचे असते. ते पाहण्याचा विषय आहे. सांध्याच्या आत सुई टोचल्यासारखे, गुडघा अडकल्यासारखे, उठल्यावरही तासभर टिकणारे किंवा सूज आणणारे दुखणे सांध्याचे असते. ते सहन करण्यात कसलीही साधना नाही. अशा वेळी आचार्यांना सांगून खुर्ची मागा. अर्जात गुडघ्याचे लिहिले असेल तर ती आधीच तयार असेल. खुर्चीवर बसून काम तेवढेच होते.

पाय बधिर झाला तर लगेच उठून चालू नका, पडाल. बसल्या जागी पाय लांब करून बोटे हलवा, दोन मिनिटांनी उठा.

दोन शिबिरे झाली. दुसऱ्या शिबिरात पाचव्या दिवशी सगळ्या अंगात झुळझुळ प्रवाह जाणवला. नंतर तो गेला तो गेलाच, पाठीत मात्र दगड ठेवल्यासारखे जड झाले. पुढचे सगळे दिवस तो परत आणण्यात गेले. काय चुकले? – एक वाचक, नागपूर

काय चुकले ते तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. प्रवाह येण्यात चूक नव्हती, जाण्यातही नव्हती. तो परत मागितला, तिथे काम थांबले.

ही चूक पहिल्या शिबिरात क्वचित होते. दुसऱ्या-तिसऱ्यात हमखास होते, कारण तोवर मनाने ‘चांगली बैठक’ आणि ‘वाईट बैठक’ अशी वर्गवारी केलेली असते. या पद्धतीत संवेदना हे साधन आहे. तिच्यावर मन कसे वागते, ते पाहायचे. सुखद आली की धरणे आणि दुःखद आली की ढकलणे ही सवय ढिली करणे एवढेच काम आहे. झुळझुळ हवीहवीशी वाटली तेव्हा तुम्ही तीच सवय दिवसाला दहा तास घोटत होता. म्हणून सहाव्या दिवसापासून पाठीतला दगड अधिकच जड झाला.

उपाय साधा आहे, करायला मात्र कठीण. शरीरभर लक्ष क्रमाने न्या, एकही भाग न गाळता. जिथे काहीच जाणवत नाही तिथे मिनिटभर थांबा. मिळाले तर ठीक, न मिळाले तरी पुढे सरका. आवडत्या भागावर रेंगाळू नका आणि दुखऱ्या भागावरून घाईने उडी मारू नका. मन फारच अस्वस्थ झाले तर सरळ श्वासावर परत या, दहा-वीस मिनिटे. यात माघार काही नाही.

झोपेची गोष्टही इथेच सांगून टाकू, कारण तिच्याबद्दल चार पत्रे आहेत. पुरेशी झोप होऊनही डुलकी येत असेल तर पाठ सरळ करा, काही श्वास जरा जोराने घ्या. तरी न जमल्यास डोळे उघडा, थंड पाणी तोंडावर मारा, पाच मिनिटे बाहेर चालून या. खोलीत साधना करण्याची मुभा असलेल्या वेळी पलंगावर बसू नका. पहाटेच्या साडेचारच्या बैठकीला तर हॉलमध्येच जा. खोलीत थांबलेल्यांतले बरेच जण साडेसहाच्या नाश्त्याच्या घंटेने जागे होतात.

आणि आचार्यांना भेटा. दुपारी बारा ते एक वैयक्तिक भेट असते, रात्री नऊनंतर हॉलमध्येही विचारता येते. निर्वाणाची चर्चा नको. ‘दोन दिवस मागच्यासारखा प्रवाह शोधतो आहे’ एवढे एक वाक्य सातव्या दिवशी बोलला असतात तर बाकीचे दिवस वाचले असते.

आमच्या घरी वारी आहे. मी तीस वर्षे नामस्मरण करते, गळ्यात तुळशीची माळ आहे. शिबिरात जप करू देत नाहीत हे ऐकून मन धजत नाही. – एक वाचक, पंढरपूर

ताई, नियम खराच आहे. दहा दिवस जप, पूजा, व्रत, दुसरी कोणतीही साधना बाजूला ठेवायची, माळ किंवा गंडा-दोरा जवळ ठेवायचा नाही. तो नामाच्या विरोधात नाही. नामाने मन पटकन एकाग्र होते हे तिथेही मान्य आहे. पण या पद्धतीत शरीरावर जे आपोआप घडते आहे तेच पाहायचे असल्याने त्यात शब्द किंवा रूप मिसळले तर मन त्यावर टेकते आणि शरीराकडे जातच नाही. दोन्ही एकत्र केल्यास दोन्हींतले काहीच धड होत नाही.

माळ उतरवणे तुमच्यासाठी नुसता नियम पाळणे नसेल, मोठी गोष्ट असेल, तर स्वतःवर जबरदस्ती करू नका असे आमचे स्पष्ट मत आहे. मनात सल घेऊन बसलात तर दहा दिवस त्या सलाशीच झगडण्यात जातील. तुमच्याच वाटेवर एकांत मिळू शकतो. सातारा जिल्ह्यात गोंदवले येथे श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांच्या समाधिस्थानी राहून नाम घेण्याची जुनी रीत आहे. तिथे किंवा आळंदीला तीन दिवस जा. मोबाइल बंद, बोलणे गरजेपुरते, दिवसाला ठरलेले तास नाम आणि मध्ये मध्ये नुसते स्वस्थ बसणे. मौन आणि सातत्य ही कोणत्याही एका संप्रदायाची मालकी नव्हे. रोजच्या नामाला ज्या सातत्याची जोड हवी आहे, ती तुम्हाला तिथेही मिळेल.

मला नैराश्य आहे, दोन वर्षे गोळ्या चालू आहेत. शिबिराने गोळ्या सुटतील असे ओळखीचे सांगतात. – नाव-गाव प्रसिद्ध करू नये

कृपा करून शिबिरासाठी गोळ्या बंद करू नका, कमीही करू नका. काही औषधे अचानक थांबवल्याने चक्कर, निद्रानाश, तीव्र घालमेल होते. शिबिरात झोप कमी, बोलायला कोणी नाही, मन पूर्ण उघडे, अशा वेळी ती सोसणे धोक्याचे आहे. तीव्र मानसिक आजारावर उपचार म्हणून हे शिबिर नाही, आणि केंद्रेही अर्जात हे स्पष्ट विचारतात. तिथे काहीही लपवू नका, औषधाचे नाव आणि मात्रा लिहा. आधी तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा. त्यांना पूर्ण दिनक्रम दाखवा : रोज दहा-अकरा तास ध्यान, साडेसहा तास झोप, दहाव्या दिवशी सकाळपर्यंत मौन. पूर्वी कधी भ्रम, आवाज ऐकू येणे, अतिउत्साहाचे झटके किंवा आत्महत्येचे विचार झाले असतील तर तेही त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. ते ‘आता नको’ म्हणाले तर तूर्त नकोच. घरी पंधरा मिनिटे, डोळे अर्धवट उघडे ठेवून श्वास पाहणे किंवा सावकाश चालणे तुम्हाला मानवेल, तेही त्यांना विचारून. आणि ज्यांनी हा सल्ला दिला त्यांना नम्रपणे सांगा की औषधाचा निर्णय डॉक्टरांचा.

शिबिराहून आलो की पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तास तास बसतो. तिसऱ्या आठवड्यात सगळे ढासळते. हे तिसऱ्यांदा झाले. – एक वाचक, पुणे

सर्वांत जास्त पत्रे याच तक्रारीची आहेत. शिबिराने बैठक खोल गेली की नाही ते या तिसऱ्या आठवड्यात ठरते.

ढासळते ती आधी संध्याकाळची बैठक. सकाळ निदान आपल्या हातात असते. संध्याकाळी ‘जेवून बसतो’ म्हटले की संपले : भरल्या पोटी डुलकी येते, डुलकीने बैठक नकोशी होते, नकोशी झाली की टळते. म्हणून कामावरून आल्या आल्या, हातपाय धुऊन, मोबाइल हातात घेण्याआधी बसा. घरात गडबड असेल तर कचेरीतून निघण्यापूर्वी रिकाम्या खोलीत किंवा उभ्या गाडीत बसा. तास नाही जमला तर अर्धा तास, पण वेळ तीच. एक बैठक चुकली तर चुकू द्या. एकाच दिवशी दोन्ही चुकू देऊ नका.

दुसरे कारण तुलना. शिबिरातल्या नवव्या दिवशीचे मन आणि मंगळवारी संध्याकाळी लोकलमधून उतरलेले मन एकसारखे कसे असेल? घरच्या बैठकीतला सुरुवातीचा एक तृतीयांश वेळ आनापानाला द्या आणि मन जरा जागेवर आल्यावरच पुढे जा. त्या दिवशी आनापानच झाले तर तेवढेच.

रात्री अंथरुणावर पाच मिनिटे आणि सकाळी जाग आल्यावर उठण्याआधी पाच मिनिटे पडल्या पडल्या संवेदना पाहा. हे सगळ्यांना जमते आणि धागा तुटू देत नाही.

आठवड्यातून एकदा जवळच्या सामूहिक साधनेला जा. पुण्यात ती सोय आहे. तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी एक दिवसाचे शिबिर आजच ठरवून टाका. मुंबईला येणे झाले तर गोराईच्या पॅगोडात जुन्या साधकांसाठी अशी शिबिरे होतात. जुन्या साधकांसाठी तीन दिवसांचीही असतात. वर्षातून एकदा दहा दिवस बसा, आणि एखाद्या वर्षी बसण्याऐवजी धम्मसेवा द्या, म्हणजे शिबिरात सेवक म्हणून काम करा. स्वयंपाकघरात शंभर जणांच्या पोळ्यांची धांदल चालू असताना दिवसातून तीनदा साधनेला बसावे लागते. घरची परिस्थिती याहून वेगळी काय असते? म्हणून सेवा करून आलेल्यांची घरची बैठक अनेकदा जास्त टिकते. तुमची तीन शिबिरे झाली आहेत. रोजचा नेम बसला की जुन्या साधकांसाठीच्या आठ दिवसांच्या सतिपट्ठान शिबिराचा विचार करा, पण नेम आधी.

सासूबाई अंथरुणावर आहेत, दहा दिवस घर सोडणे शक्य नाही. घरीच काही करता येईल का? – एक वाचक, मडगाव

येईल. महिन्यातून एका रविवारी अर्धा दिवस ठरवा. दिवसभराचा घाट घालू नका, तो पहिल्याच वेळी मोडतो.

शनिवारी रात्रीच सकाळच्या नाश्त्याची तयारी करून ठेवा आणि नऊला मोबाइल बंद करा. पाचला उठा. साडेपाच ते सव्वासहा बैठक, मग पाव तास घरातच सावकाश चालणे, पुन्हा साडेसहा ते सव्वासात बैठक. त्यानंतर सासूबाईंचे तोंड धुणे, औषध, चहा, तुमचा नाश्ता. त्यांच्याशी लागेल तेवढे जरूर बोला, बाकीच्यांशी नको. साडेआठ ते सव्वानऊ तिसरी आणि साडेनऊ ते सव्वादहा चौथी बैठक. पूर्ण तीन तास होतात. चारही बैठकांत फक्त श्वास.

वेळ मोजायला स्वयंपाकघरातले टायमर वापरा, मोबाइल नको. या वेळात सासूबाईंनी हाक मारली तर उठा, काम करा आणि परत येऊन उरलेली मिनिटे पूर्ण करा, आत्ताच का उठवले असे मनात न आणता. मात्र दारावरची बेल, दूध, मुलांचा डबा आणि दुसरा चहा या गोष्टी त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायच्या. हे आदल्या दिवशी तोंडी सांगून भागत नाही. कोणी काय करायचे ते कागदावर लिहून फ्रिजवर लावा, खाली सव्वादहा ही वेळ ठळक लिहा, आणि मोबाइल अकराच्या आत सुरू करू नका.